१६५६ चा वसंत : दोन नद्यांच्या बेचक्यात अडकलेला स्वीडनचा राजा

जुनी_पाने (धागा)

पोलंडच्या इतिहासाचा विषय निघाला की गाडी थेट १६८३ च्या व्हिएन्नावर जाते. राजा यान सोबिएस्की, पंखधारी हुसार घोडेस्वार, तुर्कांचा वेढा. पण त्याच्या सत्तावीस वर्षं आधी हाच देश जवळजवळ बुडाला होता. तिथून तो परत कसा उभा राहिला, हे मला त्या शतकातलं सर्वात विलक्षण प्रकरण वाटतं. मराठीत यावर फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पार्श्वभूमी थोडक्यात. पोलंड-लिथुआनियाचं संयुक्त राज्य १६४८ पासून कोसॅकांच्या उठावात गुंतलेलं होतं. १६५४ मध्ये रशियाचा झार त्यात उतरला आणि १६५५ च्या ऑगस्टमध्ये विल्नो (आजचं विल्नियस) रशियनांच्या हाती गेलं. त्याच उन्हाळ्यात उत्तरेकडून स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव आला. पोलंडचा राजा यान काझिमिएश हा स्वीडनच्या जुन्या वासा राजघराण्यातला. स्वीडनच्या गादीवरचा वडिलोपार्जित हक्क त्याने सोडलेला नव्हता, त्यामुळे कार्लला निमित्त शोधावं लागलं नाही.

पुढचे तीन महिने वाचताना मन विषण्ण होतं. २५ जुलैला उय्श्चे इथे पश्चिमेकडच्या प्रांतांच्या सरदारांनी शरणागती पत्करली आणि कार्लचं संरक्षण मान्य केलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला वॉर्सा गेलं, ऑक्टोबरमध्ये क्राकूव. क्राकूवचा किल्लेदार होता स्टेफान चार्नेत्स्की. जिथवर लढता आलं तिथवर तो लढला आणि सैन्यासह बाहेर पडण्याची अट मान्य करवून मगच त्याने शहर सोडलं. लिथुआनियात यानुश राद्झिविवने स्वीडनशी वेगळा करार केला. खड्या फौजेनेही कार्लच्या नावाने शपथ घेतली. यान काझिमिएश सायलेशियात निघून गेला. राजा परमुलखात, राजधानी शत्रूकडे, सैन्य शत्रूच्या चाकरीत!

आता सरळ १६५६ च्या फेब्रुवारीत येऊ. कार्लला खबर होती की यान काझिमिएश परतला आहे आणि ल्वूवला (आजचं ल्वीव) माणसं जमवतोय. त्याने भर हिवाळ्यात दक्षिणेकडे कूच केलं. १८ फेब्रुवारीला गोवोंब इथे, गोठलेली विस्तुला ओलांडून आलेल्या स्वीडिश सैन्याने चार्नेत्स्कीचा स्पष्ट पराभव केला. बहुतेक ठिकाणी या लढाईला एक ओळ मिळते. मला मात्र सगळ्या मोहिमेची किल्ली इथेच दिसते, कारण या पराभवानंतर चार्नेत्स्कीने खुल्या मैदानात कार्लच्या मुख्य सैन्यासमोर उभं राहणंच सोडून दिलं. त्याने सैन्य पांगवलं, पुन्हा जमवलं आणि स्वीडिशांच्या मागावर राहिला. वैरण आणायला बाहेर पडलेल्या तुकड्या, मागे रेंगाळलेले गाडे, निरोप घेऊन निघालेले स्वार, एवढंच त्याचं लक्ष्य होतं.

कार्ल झामोश्चच्या कोटापुढे आला. तिथल्या यान झामोयस्कीने दार उघडायला नकार दिला. चांगल्या बांधणीचा कोट घ्यायला जड तोफा लागतात आणि वेळ लागतो, कार्लकडे दोन्ही नव्हतं. तो पुढे सान नदीवरच्या यारोस्वावपर्यंत गेला आणि तिथे थांबला. ल्वूव समोर होतं, पण बर्फ वितळायला लागलं होतं, रस्त्यांचा चिखल झाला होता आणि घोडे उपासमारीने मरत होते. मार्चमध्ये त्याने परतीची वाट धरली, सानच्या काठाने खाली, विस्तुलाच्या दिशेने.

सान जिथे विस्तुलाला मिळते तिथे, सांदोमिएशजवळ, एक बेचकं आहे. मार्चअखेर कार्लचं सैन्य त्यात अडकलं. विस्तुलापलीकडे चार्नेत्स्की आणि लुबोमिर्स्कीची फौज, सानपलीकडे सापिएहाचं लिथुआनियन सैन्य. सांदोमिएशच्या किल्ल्यात स्वीडिश शिबंदी होती. ती बाहेर पडताना किल्ला सुरुंगाने उडवून गेली. दक्षिणेला निघालं तेव्हा जेवढं सैन्य होतं त्याच्या निम्म्याच्या आसपासच आता राजाजवळ उरलं होतं. ज्याच्यापुढे आठ महिन्यांपूर्वी अर्ध्या राज्याने मान तुकवली, तो स्वतः नद्यांच्या मधे कोंडला गेला.

सुटकेसाठी वॉर्साहून स्वीडनच्या बाजूचा जर्मन सरदार, बाडेनचा मार्ग्राफ फ्रीडरिश, अडीच हजारांच्या आसपास घोडदळ आणि ड्रॅगून (घोड्यावरून फिरणारे बंदूकधारी) घेऊन निघाला. चार्नेत्स्की आणि लुबोमिर्स्की विस्तुलाकाठ सोडून त्याच्यावर धावून गेले. संपूर्ण फौज घोड्यावर, सोबत तोफ नाही, पायदळ नाही. फ्रीडरिश माघारी वळला आणि पिलित्सा नदी ओलांडून वार्का गावाशी उभा राहिला. पूल मोडलेला होता. ७ एप्रिलला पोलिश स्वारांनी उतार शोधून नदीत घोडे घातले आणि पलीकडे चढून स्वीडिश घोडदळ उधळून लावलं. पळणाऱ्यांचा पाठलाग जंगलातून चेर्स्कपर्यंत चालला आणि वाटेत चुकलेल्यांना गावकऱ्यांनी गाठलं. ‘महापूर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या युद्धात खुल्या मैदानावरचा पोलंडचा हा पहिला मोठा विजय.

मात्र दोनच दिवस आधी, ५ एप्रिलच्या सुमारास, कार्ल सान ओलांडून निसटला होता. तोफांच्या माऱ्याच्या आडून त्याने पायदळ पलीकडे उतरवलं. सापिएहाची माणसं गाफील सापडली.

माझं म्हणणं असं : १६५६ मध्ये पोलंडने मोठ्या लढाया बहुतेक हरल्या. गोवोंब हरली, मेमध्ये क्वेत्स्को हरली, जुलैअखेरची वॉर्साची तीन दिवसांची लढाई हरली. तरीही वर्ष संपताना देशाचा बराच भाग परत आला होता. कार्ल जिथे स्वतः उभा असे तिथे तो जिंकत असे, आणि तो पुढे गेला की मागचा मुलूख त्याचा राहत नसे. ही प्रतिचढाई समजून घ्यायची तर विजयांची यादी पाहून भागणार नाही. कुठल्या गावात रात्री कोणाला वैरण मिळत होती, हे पाहावं लागेल. मतभेद असतील तर जरूर मांडा.

---

मोहरा

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

एक प्रश्न. ज्या सैन्याने ऑक्टोबरात कार्लची शपथ घेतली, तेच सैन्य चार महिन्यांत उलटं कसं फिरलं? यास्ना गूराच्या मठाच्या वेढ्यामुळे देश पेटला असं आजवर वाचलं होतं. तुमच्या लेखात तो वेढा कुठेच नाही.

---

जुनी_पाने

@मोहरा, त्याला वेगळी जागा द्यायची होती म्हणून तो मागे ठेवला.

चेंस्तोहोवाच्या यास्ना गूरा मठाचा वेढा १८ नोव्हेंबर ते २७ डिसेंबर १६५५. आत मठाधिपती ऑगुस्तिन कोर्देत्स्की, सैनिक, काही सरदार आणि साधू मिळून तीनशेच्या आसपास माणसं. बाहेर जनरल म्युलर, दोन-तीन हजार सैन्यासह. मठाला भक्कम तटबंदी आणि चांगल्या तोफा होत्या. काळ्या मरियमेचं मूळ चित्र तर आधीच गुपचूप सायलेशियात हलवलेलं होतं. लष्करी दृष्टीने हा वेढा मोठा नव्हता. पण देशातलं सर्वात पूज्य स्थान, त्यावर परधर्मीयांच्या तोफा आणि तरीही ते पडलं नाही, ही बातमी गावोगाव गेली. तिचं मोल मी कमी लेखत नाही.

फक्त क्रम पाहा. लोकांनी शस्त्र धरावं असं आवाहन यान काझिमिएशने ओपोलेहून काढलं ते २० नोव्हेंबरला, म्हणजे वेढा सुरू होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दक्षिणेच्या डोंगराळ भागात क्रोस्नो आणि नोवी सोंच इथे स्वीडिशांच्या बाजूच्या लोकांना पिटाळलं गेलं होतं. तिथे शेतकरी आणि पहाडी लोक उठले होते. असंतोष आधीच तयार होता, मठाने त्याला चेहरा दिला.

तो असंतोष पैशातून आला. कार्लने सरदारांना हक्क अबाधित राहतील असं वचन दिलं होतं, पण त्याचं सैन्य खंडणीवर जगत होतं. शहरांवर खंडणी, मठांवर खंडणी, देवळांतली चांदी वितळवायला. फिरून आलेल्या सैन्याचं म्हणाल तर त्यांचा पगार थकला होता आणि ज्याच्याकडे गेलो तोही देत नाही हे त्यांना कळून चुकलं. २९ डिसेंबरला तिशोव्त्से इथे हेटमान (सरसेनापती) पोतोत्स्की आणि लान्त्स्कोरोन्स्की यांनी स्वीडिशांविरुद्ध एकजुटीची शपथ घेतली. तरुण यान सोबिएस्कीसुद्धा शपथ घेऊन कार्लकडे गेलेल्यांत होता. तो १६५६ च्या मार्चअखेर परतला.

---

तळटीप

लेख आवडला, पण मुख्य मुद्द्याशी सहमत नाही.

गनिमी तुकड्यांनी स्वीडिश सैन्य थकवलं, मान्य. त्यांना देशाबाहेर मात्र त्यांनी घालवलं नाही. घालवलं ते बाकीच्या दरबारांनी. १६५६ च्या मेमध्ये रशियाने स्वीडनवर युद्ध पुकारलं आणि ऑगस्टपासून रिगाला वेढा घातला. जुलैमध्ये डच आरमार डान्झिगला (आजचं ग्दान्स्क) आलं, कारण बाल्टिकचा धान्यव्यापार एकट्या स्वीडनच्या मुठीत जाणं त्यांना परवडणारं नव्हतं. नोव्हेंबरात पोलंडने रशियाशी तात्पुरता तह केला. पुढे ऑस्ट्रियाची मदत आली. १६५७ च्या जूनमध्ये डेन्मार्क उतरलं आणि कार्ल स्वतः सैन्य घेऊन पोलंडमधून निघून गेला. सप्टेंबरात ब्रांडेनबुर्ग या जर्मन राज्याचा इलेक्टर (शासक) फ्रीडरिश विल्हेल्म बाजू बदलून पोलंडकडे आला. क्राकूव ३० ऑगस्ट १६५७ ला परत मिळालं, तेही ऑस्ट्रियाच्या सैन्यासह घातलेल्या वेढ्यामुळे.

डेन्मार्क उतरलं नसतं तर कार्ल आणखी किती वर्षं राहिला असता? चार्नेत्स्कीकडे याचं उत्तर नव्हतं.

---

जुनी_पाने

@तळटीप, घटनाक्रम तुम्ही नेमका मांडलाय. मी त्याचा अर्थ वेगळा लावतो.

हे सगळे दरबार १६५५ च्या शरदात काय करत होते? गप्प बसले होते. संपलेल्या राज्याला मदत करायला कोणी येत नाही. एप्रिल-मे १६५६ मध्ये कार्ल बेचक्यातून कसाबसा सुटला, वॉर्सा वेढलं गेलं, तेव्हा युरोपला दिसलं की हे राज्य अजून जिवंत आहे. ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर तर उत्तम उदाहरण. जानेवारी १६५६ मध्ये त्याने प्रशियासाठी कार्लचं मांडलिकत्व पत्करलं. नोव्हेंबरात, कार्लला त्याची गरज आहे हे ओळखून, त्याच प्रशियावर पूर्ण सार्वभौमत्व मिळवलं. आणि वर्षभरात पोलंडकडूनही तेच मान्य करून घेत बाजू बदलली. वारा कुठे वाहतो हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. तो वारा कोणी फिरवला, हा माझा प्रश्न आहे.

---

घोडेस्वार

वॉर्साच्या लढाईवर थोडं लिहितो, कारण धाग्यात ती एका ओळीत आटोपली आहे आणि ते मला पटत नाही.

आधी वेढा. २४ एप्रिलला सापिएहाने सुरुवात केली, पुढे यान काझिमिएश स्वतः आला. आतला सेनापती वृद्ध आर्विद विटेनबेर्ग. हाच माणूस वर्षभरापूर्वी उय्श्चेची शरणागती घेऊन आला होता. भिंतीला खिंडार पाडायला जड तोफा नव्हत्या, त्या झामोश्चसारख्या ठिकाणांहून आणाव्या लागल्या. मग हल्ले झाले आणि त्यांत शिपायांच्या बरोबरीने सैन्यातले चाकर आणि गोळा झालेले शेतकरीही शिड्या घेऊन धावले. १ जुलैला शहर परत मिळालं. विटेनबेर्गला झामोश्चला कैदेत ठेवलं, तो तिथेच वारला.

त्यानंतर चारच आठवड्यांनी, २८ ते ३० जुलै, कार्ल आणि इलेक्टर मिळून सुमारे अठरा हजारांची फौज घेऊन नदीच्या पूर्व काठावर आले. पोलिश-लिथुआनियन सैन्य आणि क्रिमियाचे दोन हजार तातार मिळून संख्येने दुप्पट. पहिल्या दिवशी स्वीडिशांनी समोरून हल्ला केला आणि अडले. दुसऱ्या दिवशी कार्लने शत्रूच्या डोळ्यांदेखत सैन्य जंगलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला नेलं. चालत्या लढाईत असं करणं किती धोक्याचं होतं, हे लष्करी इतिहास वाचणाऱ्या कोणालाही कळेल.

त्या दुपारी पोवुबिन्स्कीच्या हाताखाली हुसार सुटले. हजारही नव्हते. स्वीडिश घोडदळाची पहिली फळी त्यांनी फोडली, दुसरीपर्यंत पोचले. मागून कोणीच आलं नाही. बाजूने बंदुकांचा मारा सुरू झाला आणि त्यांना वळावं लागलं. मागे उभ्या असलेल्या पथकांनी तेव्हा घोडे काढले असते तर निकाल वेगळा लागला असता असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मला ‘मैदानी लढाई टाळणं हेच शहाणपण’ हा निष्कर्ष अर्धवट वाटतो. ती लढाई जिंकण्यासारखी होती. पायदळ आणि तोफा कमी होत्या, त्याहून कमी होता तो एकहाती हुकूम.

---

जुनी_पाने

@घोडेस्वार, फार छान लिहिलंत. वळशाच्या चालीबद्दल पूर्ण सहमत. कार्ल गुस्ताव हा त्या काळचा असामान्य सेनापती होता, हे मान्य केल्याशिवाय चार्नेत्स्कीचं मोलही कळत नाही.

पण पुढे काय झालं ते पाहा. कार्लने वॉर्सा पुन्हा घेतलं. इलेक्टर मात्र दक्षिणेत खोलवर जायला तयार झाला नाही. ऑगस्टअखेर स्वीडिशांनी शहर सोडलं. जिंकलेली राजधानी त्यांना महिनाभरच ठेवता आली. पोलिश सैन्य मैदान सोडून गेलं, तरी शाबूत राहिलं. ऑक्टोबरच्या ८ तारखेला प्रोस्तकीला लिथुआनियाचा सेनापती गोशेव्स्की याने तातारांसह ब्रांडेनबुर्गी आणि स्वीडिश फौज मोडली आणि बोगुस्वाव राद्झिविवला पकडलं. दोन आठवड्यांत फिलिपूवला तोच गोशेव्स्की हरला, हेही सांगायला हवं.

---

शांता_वि

सगळे प्रतिसाद वाचले. चार्नेत्स्कीचं कौतुक चाललंय तिथे दुसरी बाजू आली नाही तर चित्र अपुरं राहील.

एप्रिल १६५६ अखेरीस पश्चिमेकडचं लेश्नो शहर पोलिश सैन्याने जाळलं. ते प्रोटेस्टंट लोकांचं शहर होतं, बोहेमियातून परागंदा झालेल्या बांधवांचं आश्रयस्थान. शिक्षणशास्त्राचा पाया घालणारा यान आमोस कोमेन्स्की तिथे राहत होता. त्याने कार्ल गुस्तावची स्तुती लिहिली होती, हे खरं आहे. पण त्या आगीत त्याचं घर, ग्रंथालय आणि हस्तलिखितं गेली. चेक भाषेच्या शब्दकोशावर त्याने चाळीसेक वर्षं काम केलं होतं, तो कोश राख झाला. म्हातारपणी त्याला अ‍ॅम्स्टरडॅमला जाऊन राहावं लागलं.

याहून भयंकर म्हणजे ज्यू वस्त्या. स्वीडिशांना मदत केली या आरोपाखाली चार्नेत्स्कीच्या सैन्याने गावागावांत ज्यूंच्या कत्तली केल्या. ज्या सरदारांनी उय्श्चेला उघडउघड शरणागती दिली होती, त्यांना माफी मिळाली, परत घेतलं गेलं. ज्यांच्या हातात ना शस्त्र ना मत, त्यांचा जीव गेला. कोणत्या गावात कोणाला वैरण मिळत होती हे पाहा, असं धागालेखक म्हणतात. कोणत्या गावात कोणाला जगू दिलं गेलं, हेही त्याच नजरेने पाहायला हवं.

---

जुनी_पाने

@शांता_वि, तुमचा प्रतिसाद या धाग्यात अत्यावश्यक होता. यातल्या एकाही वाक्यावर माझा आक्षेप नाही.

भर घालतो ती अशी की ही क्रूरता मोहिमेबाहेरची नव्हती, तिच्या आतलीच होती. अशा युद्धात सैन्य गावांवर जगतं. गाव कोणाच्या बाजूचं आहे हे ठरवण्याचा अधिकार घोड्यावरच्या माणसाच्या हाती जातो. मग ज्याचा धर्म वेगळा, तो संशयित. पोलंडमधली आधीची धार्मिक सहिष्णुता ज्या वर्षांत ढासळली ती हीच. १६५८ मध्ये तिथल्या संसदेने एकेश्वरवादी ‘पोलिश ब्रदरन’ पंथाला देश सोडायला लावला.

शेतकऱ्यांचंही तसंच. १ एप्रिल १६५६ ला ल्वूवच्या कॅथेड्रलमध्ये यान काझिमिएशने मरियमेला पोलंडची राणी म्हणून घोषित केलं आणि कुळांवरचा जुलूम दूर करण्याची शपथ घेतली. नदीकाठी त्या क्षणी शेतकरी त्याच्यासाठी लढत होते. शपथेचा पहिला भाग आजही पाळला जातो. दुसऱ्या भागासाठी संसदेने काहीच केलं नाही.

---

करवीरकर

विषय वाचून आमच्याकडची एक आठवण लिहावीशी वाटली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे राहत होते. शाळा, चर्च, दवाखाना सगळं होतं. पोलंडहून पाहुणे अजूनही ती जागा बघायला येतात.

तर, पोलंडच्या राष्ट्रगीतात चार्नेत्स्कीचं नाव आहे ना? त्याचा संदर्भ कोणी सांगेल का?

---

जुनी_पाने

@करवीरकर, आहे. हे गीत १७९७ मध्ये इटलीत लढणाऱ्या पोलिश सैनिकांसाठी युझेफ विबित्स्कीने लिहिलं. चार्नेत्स्की जसा देश वाचवायला समुद्र ओलांडून पोझनानला परतला तसे आम्हीही परतू, असा त्या कडव्याचा आशय आहे.

समुद्र ओलांडण्याचा प्रसंग १६५८ चा. डेन्मार्कच्या मदतीला गेलेली पोलिश घोडदळाची तुकडी चार्नेत्स्कीकडे होती. डिसेंबरात त्याने खाडी ओलांडून आल्स बेट गाठलं आणि नाताळच्या दिवशी कोल्डिंगहुसचा किल्ला घेतला. त्या मोहिमेत असलेल्या पासेक नावाच्या स्वाराने पुढे आठवणी लिहून ठेवल्या आणि त्या आजही वाचल्या जातात. परमुलखात हरवलेल्या लोकांना हे कडवं का भिडलं असेल, ते वळिवड्याच्या माणसांना वेगळं सांगायला नको.

---

नदीकाठचा

लुटीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. वॉर्साच्या राजवाड्यातली चित्रं, पुस्तकं, संगमरवर, अगदी कोरीव दगडसुद्धा स्वीडिशांनी काढून विस्तुलातून बोटींवर चढवून नेलं. काही बोटी बुडाल्या. २०१२ च्या उन्हाळ्यात विस्तुलाचं पाणी फार उतरलं तेव्हा पात्रात संगमरवराचे कोरीव तुकडे उघडे पडले आणि वॉर्सा विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी ते वर काढले.

आणखी एक, ‘स्टॉकहोम रोल’. १६०५ सालच्या राजविवाहाच्या मिरवणुकीचं पंधरा मीटरहून लांब चित्र. त्यातले हुसार, त्यांचे पंख, घोडे पाहिले की त्या काळचा पोशाख कळतो. तेही या युद्धात गेलं होतं. १९७४ मध्ये ओलोफ पाल्मे यांनी ते पोलंडला परत दिलं. आता वॉर्साच्या राजवाड्यात आहे.

---

मोहरा

मला अजून त्या बेचक्यातून बाहेर पडता येत नाहीये.

चार्नेत्स्की आणि लुबोमिर्स्की विस्तुलाकाठ सोडून वार्काकडे गेले नसते तर? कार्ल उपाशी होता. थोडे दिवस नुसतं बसून राहिले असते तर स्वीडनचा राजाच कैद झाला असता आणि युद्ध तिथेच संपलं असतं. वार्काचा विजय मोठा, पण त्याची किंमत राजा निसटण्यात मोजली असं नाही का?

---

घोडेस्वार

माझ्या मते दोष सापिएहाचा. त्याला एकच काम होतं, सानच्या पलीकडच्या काठावर लक्ष ठेवायचं. समोर कोंडलेला शत्रू असताना पहारा ढिला पडतोच कसा? चार्नेत्स्की तिथे नसेल, पण नदी तर होती. लिथुआनियन सैन्याकडे खंदक खणायला वेळही होता.

---

तळटीप

@मोहरा, फ्रीडरिशला मोकळं सोडलं असतं तर तो मागून येऊन विस्तुलाच्या काठावरच्या पोलिश सैन्यावर पडला असता, आणि समोरून कार्लच्या तोफा. तेव्हा जाणं भागच होतं. माझा आक्षेप संपूर्ण फौज नेण्यावर आहे.

---

जुनी_पाने

या प्रश्नावर मीही पुष्कळ विचार केलाय. सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

सापिएहावर सगळा भार टाकणं मला न्याय्य वाटत नाही. त्याचं सैन्य काही महिन्यांत उभं राहिलेलं होतं. यानुश राद्झिविवच्या फितुरीनंतर लिथुआनियाची फौज दुभंगली होती, त्यातून त्याने स्वतःच्या पैशांवर माणसं जमवली. खंदक खणायला, काठ धरून ठेवायला पायदळ आणि तोफा लागतात. कार्लकडे दोन्ही होतं आणि कोंडलेला माणूस सगळी ताकद एका जागी लावू शकतो. काठावर बसलेल्याला ती पसरवावी लागते. घोडेस्वारांना उद्देशून : तुम्हीच वॉर्साच्या बाबतीत म्हणालात की एकहाती हुकूम नव्हता. तो इथेही नव्हता. चार्नेत्स्की सापिएहाचा वरिष्ठ नव्हता, लुबोमिर्स्कीचाही नव्हता.

तळटीप म्हणतात तशी फौज विभागून नेता आली असती का? सगळं सैन्य मिळून फ्रीडरिशच्या दुप्पट-अडीचपट होतं आणि मधे नदी, मोडका पूल. अर्धं नेलं असतं तर पिलित्साकाठी बरोबरीचा सामना झाला असता. बरोबरीच्या सामन्यात काय होतं ते चार्नेत्स्कीने गोवोंबला पाहिलं होतं. त्याने हाताशी असलेल्या दोन शिकारींपैकी नक्की मारता येईल ती निवडली. राजा पकडता आला असता तर अधिक चांगलं झालं असतं, यात वादच नाही. पण घोडदळाच्या जोरावर, तोफांशिवाय, पायदळ असलेल्या राजाला दोन नद्यांमध्ये उपाशी ठेवून शरण आणायचं, तर ते सगळं सैन्य आठवडेच्या आठवडे एका जागी पोसावं लागलं असतं. त्या मार्च-एप्रिलमध्ये सांदोमिएशच्या परिसरात कार्लच्या घोड्यांना वैरण नव्हती, तशी चार्नेत्स्कीच्या घोड्यांनाही नव्हती.

फ्रीडरिशची फौज मोडल्यावर वॉर्साच्या शिबंदीला घोडदळाचा आधार उरला नाही. दोन-अडीच आठवड्यांत वेढा सुरू झाला, आणि तो सुरू करायला पुढे आला तोच सापिएहा.